पुराच्या वाटेवर तापलेले चाक

२०१९ च्या महापुरानंतर आमच्या नगरपालिकेच्या अग्निशमन विभागाकडे फायबरची एक बोट, तिचे आउटबोर्ड इंजिन आणि तिला वाहून नेणारा दोन चाकांचा ट्रेलर आला. वाहनांचा पर्यवेक्षक म्हणून या तिन्हींची देखभाल माझ्याकडे सोपवण्यात आली. बोटीची आणि इंजिनाची धास्ती मला पहिल्या दिवसापासून होती, ट्रेलरची मात्र नव्हती. ऊसपट्ट्यात वाढलेल्या माणसाला ट्रॉलीत बिघडण्यासारखे असते तरी काय, असेच वाटते. त्यातून ती वर्षातून दोन-तीनदाच रस्त्यावर येणार असेल तर विचारायलाच नको.

जुलै २०२१ मध्ये भिलवडी भागात कृष्णेचे पाणी चढू लागले आणि बोट पाठवण्याचा निरोप आला. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरतात. त्या दिवशी आकडा तासातासाला बदलत होता. जीपला ट्रेलर जोडून आम्ही चौघे निघालो. तासगाव मागे टाकून काही अंतर गेल्यावर चालक म्हणाला, "साहेब, डाव्या आरशात बघा, चाक हलतंय." उतरून पाहिले तर डाव्या हबमधून, म्हणजे चाकाच्या बेअरिंग बसवलेल्या मधल्या भागातून, धूर येत होता आणि जळक्या ग्रीसचा वास पसरला होता. हाताची मागची बाजू हबजवळ नेली, तर चार बोटांवरूनच ती मागे घ्यावी लागली.

मे महिन्यातच या ट्रेलरची दुरुस्ती झाली होती. दोन्ही चाकांची बेअरिंगे, ऑइल सील (ग्रीस आत आणि पाणी बाहेर ठेवणारी रबरी रिंग), ग्रीस आणि रंगकाम, असे बिल माझ्या सहीने मंजूर झाले होते. काम करणारा ठेकेदार शहरातला होता आणि त्याचे कागद चोख असत. परत आलेला ट्रेलर चंदेरी रंगाने असा चकाकत होता की मी त्याच्याभोवती एक फेरी मारली, टायरला लाथ मारून पाहिली आणि सही केली.

शंभर-दीडशे पावलांवर एक ट्रॉलीवाल्याचे गॅरेज होते. गाळपाचा हंगाम दूर असल्याने साठीतले मिस्त्री रिकामेच बसले होते. आम्ही ट्रेलर अगदी हळू तिथवर नेला. त्यांनी ॲक्सलखाली जॅक लावला, शिवाय लाकडी ओंडक्याचा आधार दिला आणि चाक काढून हबची टोपी छिन्नीने उचकटली. टोपीत बाहेरच्या बाजूला नवे, लालसर ग्रीस होते; ते बोटाने पुसल्यावर खाली काळे, आणि त्याच्याही खाली दूध घातलेल्या चहासारखे पातळ काहीतरी. नट सुटू नये म्हणून घातलेली स्प्लिट पिन पकडीत धरताच तिचे पाय तुटून हातात आले. मागचे सील चिंचोक्यासारखे कडक झाले होते.

"सायेब, ह्ये कुणी उघडलंच न्हाई. वरनं ग्रीसचं बोट फिरवून टोपी बशिवल्या," मिस्त्री म्हणाले. मग त्यांनी विचारले, "ह्यो गाडा पाण्यात घालता न्हवं?"

मी होकार दिला. जूनमध्ये रंगीत तालमीसाठी आम्ही वीसेक किलोमीटर धावत जाऊन थेट घाटावर पोहोचलो होतो आणि चाके बुडेपर्यंत ट्रेलर नदीत उतरवला होता. रस्त्याने आलेल्या हबमधली हवा तापून फुगलेली असते. हब थंड पाण्यात गेले की ती एकदम आक्रसते आणि सीलचा ओठ झिजलेला असेल तर त्यातून पाणी आत ओढून घेते. पावसाळी कृष्णेचे पाणी म्हणजे निम्मा गाळच. तालमीनंतर ट्रेलर महिनाभर शेडमध्ये उभा होता, आणि तेवढ्या वेळात ग्रीसमध्ये मिसळलेल्या पाण्याने रोलर गंजवले. म्हणजे ठेकेदाराने सील बदलले नाही हे खरेच, पण नदीतून काढलेले चाक न उघडता ठेवून देणारे आम्हीच होतो.

आतल्या बेअरिंगची कडी ॲक्सलला चिकटून बसली होती. गॅस लावून ती तापवू या, असे मी सुचवले. मिस्त्रींनी नकारार्थी मान हलवली, कारण त्या उष्णतेने ॲक्सलच्या टोकाचे पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरले असते. त्यांनी छिन्नीने कडीला एकाच रेषेत घाव घालून ती तडकवली, आणि खालचा ओरखडा पॉलिश पेपरने गुळगुळीत केला. जुन्या बेअरिंगवर ३०२०६ असा आकडा पुसटसा दिसत होता. त्यावरून आणि सीलच्या ४०-६२-८ या मापावरून त्यांचा मुलगा मोटारसायकलवरून ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानातून माल घेऊन आला. 'बोटीचा' माल म्हणून आम्ही तो कोठून मागवायचा, याची चिंता मी उगाचच करत होतो.

ग्रीस भरण्याची त्यांची पद्धत मी आजही डोळ्यांसमोर आणू शकतो. डाव्या तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची रुंद कड ते त्यावर दाबत राहिले, तोवर जोवर पलीकडच्या कडेने, प्रत्येक दोन रोलरच्या मधून, ग्रीसच्या बारीक वळ्या बाहेर आल्या नाहीत. मग हब फिरवत फिरवत नट आवळला, पुन्हा किंचित सैल केला आणि नवी पिन घालून तिचे पाय वळवले.

उजव्या चाकाची बेअरिंगेही बदलून टाका, असे मी सांगितले. त्यांनी ते उघडले, बेअरिंग डिझेलमध्ये धुतले, उजेडात धरून एकेक रोलर पाहिला आणि ते माझ्या हातात दिले. "फिरवून बघा. कुठं खरखर लागती का? ह्ये चालतंय. सील तेवढं टाकू." नव्या बेअरिंगचा दुसरा जोड मुलाने आणलेला होता, तो त्यांनी परत पाठवला. निघताना जुना माल प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून जीपमध्ये ठेवला, मी न मागता. आम्ही सुमारे अडीच तास उशिरा भिलवडीच्या बाजूला पोहोचलो आणि अंधार पडेपर्यंत बोट चालवली.

त्या पिशवीमुळे पुढचे सोपे झाले. ती टेबलावर ओतल्यावर ठेकेदाराने कामावरच्या मुलांच्या चुकीचे कारण पुढे केले आणि बेअरिंगांचे पैसे परत भरले. आता दुरुस्तीच्या प्रत्येक आदेशात जुने भाग परत करण्याची अट असते. ग्रीस भरून तयार ठेवलेला हबचा एक जोड बोटीतच असतो. नदीतून आलेला ट्रेलर दुसऱ्या दिवशी उघडला जातो.

मिस्त्रींना काम देणे मात्र सहज जमले नाही, कारण त्यांच्याकडे ना जीएसटी क्रमांक, ना छापील पावतीपुस्तक. दरपत्रक मागितले तर ते हसले. शेवटी माल आम्ही दुकानातून बिलावर घ्यायचा आणि त्यांना फक्त मजुरी द्यायची, अशी वाट लेखापालांनीच काढून दिली. पुढच्या मे महिन्यात ते शेडवर आले, चाकाला हात लावण्याआधी ट्रेलरच्या टोकावर बसले आणि त्यांनी चालकाला विचारले, "पाण्यात घालायच्या आधी धा मिन्टं थांबता का न्हाई?"