आमची वाटचाल : माणसाच्या चालीने चालणारी गाडी

सांगली-माधवनगर रस्त्यावरचं आमचं गॅरेज उभं राहिलं ते डिझेलच्या जोरावर. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल परवडेनासं झालं आणि विलीज जीप, बेडफर्ड, डॉज, फार्गो अशा गाड्या असलेले सगळे इंजिन बदलायला निघाले. मद्रासच्या सिम्पसन कंपनीत तयार होणारी पर्किन्स डिझेल इंजिनं बाजारात मिळत होती. आण्णा, म्हणजे माझे वडील, त्याआधी किर्लोस्करवाडीला फिटर होते. पंप आणि मोटर एका रेषेत नसतील तर बेअरिंग टिकत नाही, हे त्यांच्या अंगात तिथंच मुरलं. पुढं आमच्या गॅरेजचं नाव झालं ते याच एका गुणावर. आम्ही बसवलेलं इंजिन गिअरबॉक्सशी भांडत नाही, असं ट्रकवाले एकमेकांना सांगायचे.

ऐंशीच्या दशकात कंपन्यांच्याच डिझेल गाड्या सगळीकडे झाल्या. १९८६ मध्ये टाटा ४०७ आली आणि इंजिन बदलायचं काम हळूहळू आटलं. आम्ही पंप-नोझलची दुरुस्ती, क्लच, ब्रेक यांवर दिवस काढत होतो. नव्वदच्या दशकात गॅरेज माझ्या हातात आलं आणि त्याच सुमारास शहरातल्या एका जुन्या ट्रस्टचा वैकुंठरथ आमच्या दारात आला. ओढून आणला होता.

डॉजची चासी, सहा सिलिंडरचं साइड व्हॉल्व्ह पेट्रोल इंजिन. वर सागवानी बॉडी, दोन्ही बाजूंना काचा, आत तिरडी ठेवायला पितळी कठड्याचा चौथरा. लाकडाला कुठं कीड नव्हती. दुखणं इंजिनाचं होतं. अंत्ययात्रेत गाडी चालते ती खांदेकऱ्यांच्या पावलाने. इतक्या कमी वेगाला समोरून वारा लागत नाही आणि इंजिनावरच फिरणारा पंखाही मंद फिरतो. साइड व्हॉल्व्ह इंजिनात जळका वायू ब्लॉकमधूनच बाहेर जातो, त्यामुळं ब्लॉक आधीच तापलेला. मे महिन्यात नळीतल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी मधेच बंद पडायची. मागं रडणारी माणसं आणि पुढं बॉनेट उघडून उभा ड्रायव्हर. ट्रस्टचे काका मला म्हणाले, "पळायला नको हो ही. फक्त वाटेत थांबायला नको." आमच्या धंद्यात मला मिळालेली ही सगळ्यात स्पष्ट ऑर्डर.

डिझेलचा इथं खरा उपयोग आहे, आणि तो मायलेजचा नाही. डिझेल इंजिन रिकामं फिरताना फारच थोडं तेल जाळतं, म्हणून तापत नाही. शिवाय पंपातला गव्हर्नर फेरे स्वतःच धरून ठेवतो. पहिला गिअर टाकून क्लच सोडला आणि पाय पूर्ण काढून घेतला, तरी गाडी न हिसकता पुढं सरकत राहते. डॉजचा चार गिअरचा बॉक्स त्याला फार सोयीचा, पहिला गिअर अगदी जड, म्हणजे गाडी फार हळू नेणारा.

इंजिन निवडलं बजाज टेम्पोचं ओएम ६१६. मर्सिडीजच्या परवान्यावर आकुर्डीला बनणारं, चार सिलिंडर, २.४ लिटर. ताकद डॉजच्या मूळ इंजिनापेक्षा कमीच, पण मॅटाडोर आणि ट्रॅक्समुळं त्याचे भाग सांगलीतसुद्धा दुकानात मिळत. ज्या गाडीनं थांबायचं नाही, तिचा भाग दोन दिवसांनी पुण्याहून येऊन चालत नाही.

गिअरबॉक्स जागेवरच ठेवला. बेल हाउसिंग, म्हणजे गिअरबॉक्सचं इंजिनाकडचं घंटेसारखं तोंड, आणि नव्या इंजिनामध्ये जाड पोलादी प्लेट लेथवर करून घेतली. प्लेट नुसती बोल्टने आवळून भागत नाही. फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनाच्या मागच्या जड चाकावर, डायल गेज हे काट्याचं बारीक मापक बसवायचं, त्याचं टोक बेल हाउसिंगच्या भोकाच्या कडेला टेकवायचं आणि फ्लायव्हील हाताने सावकाश फिरवत काटा बघायचा. काटा एका बाजूला झुकला की प्लेट लाकडी हातोडीनं केसभर सरकवायची आणि पुन्हा फिरवायचं. मध्य मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आत आला, तेव्हाच प्लेट जागेवर पक्की धरणाऱ्या डॉवेल पिना ठोकल्या. आण्णा शेजारी खुर्ची टाकून बसले होते, बोलत काही नव्हते. पिना ठोकून झाल्यावर उठून घरी गेले, म्हणजे पास.

सहाऐवजी चार सिलिंडर, त्यामुळं इंजिन आखूड. पंखा रेडिएटरपासून लांब पडला, म्हणून रेडिएटर मागं घेऊन पंख्याभोवती पत्र्याचं कडं केलं. ब्रेकचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा, कारण तो पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होतो, त्यावर ब्रेकला जोर देणारा बूस्टर चालतो. डिझेल हवा अडवतच नाही, मग व्हॅक्यूम येणार कुठून? वेगळा व्हॅक्यूम पंप लागतोच. तो न लावता गाडी बाहेर काढणारा मिस्त्री माझ्या मते मिस्त्रीच नव्हे.

सर्वांत जास्त वेळ काचांनी घेतला. मिनिटाला ७५० फेऱ्यांवर चार सिलिंडरचं इंजिन सेकंदाला २५ ठोके देतं, आणि नेमक्या तेवढ्याला बाजूच्या काचा किणकिणायच्या. आत कुणाची तरी आई असते, वडील असतात. तिथं काच वाजता कामा नये. इंजिनाखालची पुढची फाउंडेशन रबरं मऊ घातली, सायलेन्सरचा हँगर रबरी केला, काचांच्या खोबणीत नवा नमदा बसवला आणि आयडलिंग थोडं वर घेतलं. मग आवाज गेला.

कागदांचंही सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे तेव्हा आधी कळवून, मंजुरी घेऊन असा बदल आरसीवर चढवता येत होता, आणि तो आम्ही चढवला. पुढं २००० च्या दुरुस्तीने हे कलम कडक झालं. २०२१ पासून पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांना 'व्हीए' मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळतो, पण त्यासाठी चासी, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात हवं, आणि अशी गाडी रोजच्या वापरात काढता येत नाही. त्यामुळं आज कुणी जुना वैकुंठरथ घेऊन आला तर आम्ही त्याचं इंजिन बदलत नाही. मूळ इंजिन उघडून, बोअर करून, रेडिएटर नवा भरून देतो. डॉजचं ते पेट्रोल इंजिनही आम्ही भंगारात घातलं नाही. तेल भरून, तोंडं बंद करून ट्रस्टच्या शेडमध्ये स्टँडवर ठेवलं आहे.

त्या एका गाडीनंतर आजूबाजूच्या गावांतून शववाहिकांची कामं येऊ लागली आणि आता आमचं निम्म्याहून जास्त काम तेच आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा गाव पाण्यात होतं, पण मरण थांबत नाही. पाणी ओसरल्यावर आमच्याकडे आलेल्या प्रत्येक शववाहिकेचं इंजिन ऑइल, गिअर ऑइल, डिफरन्शियलचं तेल आणि व्हील बेअरिंगचं ग्रीस बदलून दिलं. मजुरी लावली नाही. मुलानेच तसं ठरवलं, मी फक्त मान हलवली.

नवी शववाहिका बांधायला घेतली की आम्ही आधी बॉडीचं डिझाइन विचारत नाही. गावातली स्मशानाची वाट केवढी, चढ कुठं, लोक पुढं चालतात की मागं, हे विचारतो. सध्या मिरजेकडच्या एका गावाची गाडी शेडमध्ये आहे. वाट नदीकडं उतरणारी, शेवटी चिखल. तिच्या ड्रायव्हरला रविवारी बोलावलंय, पाय काढून गाडी चालवायची सवय करून द्यायला. टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही, हे त्याला आजच सांगून ठेवलं आहे, कारण डिझेल संपून लाइनमध्ये हवा शिरली की पंपाला हातानं तेल आणून द्यावं लागतं, आणि ते रस्त्यात करायची वेळ येता कामा नये.