बेळगावात, कोल्हापुरात, गोव्यात किंमत एकच

मी लिनोकट करते. म्हणजे लिनोच्या (लिनोलियम नावाच्या मऊ, रबरासारख्या चादरीच्या) तुकड्यावर चित्र उलटं काढायचं, जे पांढरं राहायला पाहिजे तेवढं कोरून टाकायचं, उरलेल्या भागावर रोलरनं शाई फिरवायची आणि वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीनं घासून ठसा घ्यायचा. गेली काही वर्षं हीच छापचित्रं मी बेळगावात आणि आसपास विकतेय, कधी प्रदर्शनात टेबल मांडून, कधी कलादालनात, कधी ओळखीच्या दुकानात ठेवून. नवीन काम करणाऱ्या पोरी विचारतात ताई कुठं विकायचं, त्या सगळ्यांसाठी एकदाच सविस्तर लिहिते. कुठं ते सांगतेच, पण त्याच्या आधी कितीला ते ठरवा, आणि एकदा ठरवली की ती किंमत स्टॉलवर, गॅलरीत, घरी येणाऱ्या पाहुण्याला, सगळीकडे तीच ठेवा. माझं सगळं म्हणणं ह्यावरच उभं आहे.

आपण राहतो ती जागा ह्या कामाला खरंच चांगली आहे. सकाळी निघालं तर दुपारच्या आत कोल्हापूर, चोर्ला घाट उतरलं की गोवा, इकडं धारवाड-हुबळी तर अजून जवळ. शंभर-सव्वाशे किलोमीटरमध्ये तीन राज्यांतलं गिऱ्हाईक. एकाच टेबलावर एक जण मराठीत विचारतो, दुसरी बाई "एष्ट री?" म्हणते, तिसरा कोकणीतून "कितल्याक?" आणि कॅम्पातनं आलेलं एखादं फौजी कुटुंब हिंदीतून. गोव्याच्या माणसाला कोल्हापुरी माणसापेक्षा जास्त भाव सांगायचा मोह होतो हे मी बघितलंय, बरेच जण सांगतात पण. मी नाही सांगत, आणि का नाही ते आता हिशोबानंच दाखवते.

माझं एक ए-फोर आकाराचं चित्र आहे, बिनफ्रेमचं, किंमत 1,200. कागद, शाई, लिनोचा वाटणीला येणारा हिस्सा, मागचा पुठ्ठा, प्लास्टिकचं पाकीट, लेबल सगळं धरून दीडशे रुपये जातात. आता हेच चित्र कमिशनवाल्या गॅलरीत ठेवलं आणि त्यांनी चाळीस टक्के घेतले (गोव्यात-पुण्यात तीस ते पन्नासच्या मधे कुठंतरी सांगतात) तर माझ्या हातात 720 येतात, त्यातनं दीडशे वजा केले की 570. हे 570 माझ्या कोरण्याचे, छापण्याचे आणि चित्र सुचेपर्यंत त्या जागेभोवती घातलेल्या फेऱ्यांचे. एवढे मिळाले तर मला परवडतं, म्हणून किंमत 1,200 आहे. आधी गॅलरीचा हिस्सा गेल्यावर काय उरतं ते बघायचं आणि मग किंमत लावायची, उलटीकडनं.

मग लोक म्हणतात स्टॉलवर तर कमिशन नाही, तिथं आठशेला दे की. अवो पण स्टॉल फुकट असतोय काय? हॉलमधल्या दोन दिवसांच्या प्रदर्शनाचं भाडं मैत्रिणीबरोबर अर्धंअर्धं केलं तरी दीड हजार, रिक्षा, जेवण, पाण्याच्या बाटल्या धरून दोन हजार. समजा आठ चित्रं गेली तर प्रत्येकावर अडीचशे खर्च बसला, आणि दोन दिवस उभं राहून पाय दुखले ते वेगळंच, त्या दोन दिवसांत एक नवीन ठसा निघाला नाही तेही वेगळं. गॅलरीवाला तुमच्या वतीनं उभा राहतो म्हणून पैसे घेतो, स्टॉलवर तुम्ही स्वतः उभं राहता म्हणून ते पैसे तुमचे. स्टॉलवर भाव पाडला की आपण आपल्या उभं राहण्याची किंमत शून्य धरतो, आणि गॅलरीवाल्याला कळलं (बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यात सगळं सगळ्यांना कळतं) की तो पुढच्या वेळी चित्र भिंतीवर लावतच नाही. त्याचं काही चुकत नाही त्यात.

फ्रेमची किंमत मात्र वेगळी सांगायची. फ्रेम हा सुताराचा आणि काचेचा खर्च आहे, तो गिऱ्हाइकाच्या आवडीनं बदलतो, चित्राच्या किमतीत मिसळला की चित्राची किंमत नेमकी किती ते आपल्यालाच सांगता येत नाही.

आता एक प्रसंग सांगते. काँग्रेस विहिरीचं चित्र टेबलावर होतं. 1924 ला इथं काँग्रेसचं अधिवेशन झालं, गांधीजी ज्याचे अध्यक्ष होते ते एकमेव अधिवेशन, तेव्हा आलेल्या लोकांना पाणी पुरावं म्हणून ही विहीर खोदली. एक काका आले, धोतर-टोपी, हातात भाजीची पिशवी, चित्रासमोर थांबले.

"ही आमची काँग्रेस विहीर न्हवं काय?"

"होय काका."

"झेरॉक्स हाय काय ही?"

हा प्रश्न रोज येतो आणि मला त्याचा अजिबात राग येत नाही, कारण एकसारखी पाच चित्रं बघितल्यावर माणसानं दुसरं काय समजायचं. म्हणून मी कोरलेला लिनो टेबलावरच ठेवते. काकांच्या हातात दिला. त्यांनी विहिरीच्या कडेच्या रेषेवरनं अंगठा फिरवला, कडा हाताला लागतात, खोबणीत जुनी शाई बसलेली असते ती नखाला लागते. मग चित्र आणि लिनो शेजारी शेजारी धरून बघितलं.

"उलटं कोरलीस की गे सगळं!"

मग मी खाली पेन्सिलनं लिहिलेलं दाखवलं, 7/30. म्हणजे ह्या लिनोवरनं फक्त तीसच ठसे काढायचे, त्यातला हा सातवा, तीस झाले की लिनोवर आडवा चरा मारायचा, परत छापायचं नाही. काकांनी किंमत विचारली, बाराशे म्हटल्यावर म्हणाले आठशेला दे की. मी म्हटलं, काका हेच चित्र टिळकवाडीत कलादालनात लावलं होतं, तिथनं ज्यांनी नेलं त्यांनी बाराशे दिले, तुम्हाला आठशेला दिलं तर उद्या त्या बाईंना मी काय तोंड दाखवू. काका जरा थांबले आणि म्हणाले, "मग बरोबर हाय तुझं." त्यांनी साठ रुपयांचं पोस्टकार्ड घेतलं आणि गेले. चालतंय. साठचं कार्ड, साडेचारशेचं छोटं चित्र, बाराशेचं ए-फोर अशा पायऱ्या म्हणूनच ठेवायच्या, ज्याला घासाघीस करायचीय त्याला खालची पायरी दाखवायची, वरच्या पायरीचा भाव खाली आणायचा नाही. "स्वल्प कम्मी माड्री" (थोडं कमी करा) म्हणणाऱ्यांना पण मी हसून हेच करते.

स्टॉलच्या बाबतीत दोन-तीन गोष्टी झटपट. चित्रं टेबलावर आडवी पसरू नका, गर्दीत ती दिसतच नाहीत, मागं जाळी नाहीतर पडदा लावून डोळ्याच्या उंचीवर टांगा. किंमत प्रत्येकावर लिहा, आपली माणसं भाव विचारायला लाजतात आणि न विचारता पुढं जातात. माझ्या लेबलवर मराठी आणि कन्नड दोन्ही असतं, कन्नड शेजारणीकडनं तपासून घेतलंय. क्यूआर कोड दोन ठिकाणी चिकटवा.

कलादालनाचं सांगायचं तर टिळकवाडीत वरेरकर नाट्य संघात के. बी. कुलकर्णींच्या नावाचं दालन आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, चित्रकार रवी परांजपे बेळगावचे, आणि त्यांचे गुरू के. बी. कुलकर्णी. ह्या गावाला चित्राची सवय आहे, ती काल-परवाची नाही. असल्या दालनात भाडं भरून आपणच चित्रं लावतो, आपणच बसतो, कमिशनवाल्या गॅलरीसारखं नसतं ते. विक्री स्टॉलपेक्षा कमी होते, हे मान्य करूनच जायचं. पण तिथं माणूस चित्रासमोर पाच मिनिटं उभा राहतो. कमल बस्तीच्या छताचं माझं चित्र आहे, किल्ल्यातली 1204 ची बस्ती म्हणजे जैन मंदिर, छताला दगडात कोरलेलं कमळ लोंबतंय. ते कमळ कोरताना मधनं बाहेर यायला लागतं, एक पाकळी जरा जाड झाली की पुढची सगळी रांग हलते, आणि स्टॉलवर हे कुणी बघत नाही, पण दालनात एका मुलानं बोट दाखवून विचारलं की ह्या पाकळीपासनं सुरुवात केली काय. तीच पाकळी होती! असं कुणी विचारलं की पुढचे दोन महिने काम करायला हुरूप येतो.

कमिशनवर ठेवणार असाल तर कागद करा. किती चित्रं दिली, प्रत्येकाची किंमत, टक्के किती, काच फुटली तर कुणी भरायची, विकल्यावर किती दिवसांत पैसे, न विकलेलं कधी परत. दोघांच्या सह्या, दोघांकडे एकेक प्रत. एका गॅलरीकडनं (नाव घेत नाही) विकलेल्या चित्राचे पैसे यायला वर्ष लागलं आणि ते आले तेही ह्या एका कागदामुळंच, त्यात तारीख होती म्हणून. ओळखीतल्या माणसाबरोबर कागद करायला संकोच वाटतो, तरी करा, ओळख टिकते त्यानं.

राज्याची हद्द ओलांडण्याचं पण बघून ठेवा. खानापूरची माती वापरून दिवे करणारी माझी मैत्रीण कोल्हापूरला आणि गोव्याला माल नेते. (खानापूरच्या मातीचं नाव उगाच नाही, केंद्राची कुंभारकामाची संस्था तिथं आहे.) सरकारनं हस्तकलेच्या वस्तूंची एक यादी काढलीये, त्यातल्या वस्तू असतील तर वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेपर्यंत जीएसटी नोंदणी न करता दुसऱ्या राज्यात विकता येतात, मात्र पॅन पाहिजे आणि ई-वे बिल (माल नेताना ऑनलाइन काढायचा कागद) पाहिजे, मग माल पाच हजारांचा असला तरी. पन्नास हजारांच्या खाली ई-वे बिल लागत नाही असं लोक सांगतात ते इथं चालत नाही. तुमची वस्तू यादीत बसते काय ते सीएला दाखवून घ्या. शिवाय केंद्राच्या हस्तशिल्प विभागाचं कारागिरांसाठी ओळखपत्र असतं, पहचान कार्ड, तुमचं काम त्यात बसत असेल तर काढून ठेवा, सरकारी बाजारात स्टॉलसाठी अर्ज करताना लागतं.

पाऊस हा आपल्याकडचा वेगळाच विषय. जूनपासनं घरात कागद ओला लागतो, तेलाची शाई वाळता वाळत नाही, फ्रेमच्या आत बुरशी येते आणि ती गिऱ्हाइकाच्या भिंतीवर गेल्यावर दिसते. पावसाळ्यात मी फक्त कोरते. छापायचं ते उन्हाळ्यात नाहीतर नवरात्रानंतर, कोरडी हवा सुटल्यावर. लिनो तेवढा थंडीत कडक होतो, उन्हात ठेवून जरा गरम केला की सुरी लोण्यात गेल्यासारखी जाते.

आणि मागं नाव लिहा. स्वतःचं, गावाचं, कशाचं चित्र आहे, कसं केलंय. कोल्हापुरी चपलेला 2019 ला जीआय (भौगोलिक मानांकन, म्हणजे ही वस्तू ह्याच भागातली असा सरकारी शिक्का) मिळाला तो आठ जिल्ह्यांना, चार महाराष्ट्रातले, चार कर्नाटकातले, त्यात आपलं बेळगाव आहे. तरी जून 2025 मध्ये प्राडा ह्या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये तसल्याच चपला दाखवल्या तेव्हा सुरुवातीला कोल्हापुरीचं नाव कुठंच नव्हतं, इकडं ओरड झाली तेव्हा त्यांनी मान्य केलं. अथणी-निपाणीकडं चामडं कमावून, शिवून, पायाच्या मापानं चप्पल करणारी घरं आहेत, त्या चपलेवर करणाऱ्याचं नाव कधी नसतं आणि म्हणून भाव नेहमी विकणारा ठरवतो. हे मला फार लागतं. आपल्या वस्तूवर आपलं नाव असलं की किंमतही आपण सांगू शकतो.

बेंगळुरात चित्रकला परिषदेची चित्रसंते भरते, 2003 पासनं, जानेवारीत कुमारकृपा रोडवर. अख्खा रस्ता चित्रकारांचा, मधे कुणी दलाल नाही, माणूस येतो, बोलतो, घेतो. बेळगावात एका रविवारी सकाळी असं का होऊ नये? काँग्रेस रोडचा एक तुकडा पुरेसा आहे, खानापूरचे कुंभार, गोकाकची लाकडी फळं-खेळणी करणारे, सावंतवाडीचे चितारी, धारवाडच्या कशिदा काढणाऱ्या बायका, सगळे दोन-तीन तासांच्या अंतरावर आहेत. आम्ही चार-पाच जणी महापालिकेला अर्ज द्यायचं ठरवतोय, दिवाळीनंतरच्या एका रविवारसाठी. अर्जात भाडं, जागा, स्वच्छता सगळं मांडलंय, आणि एक अट आमच्याकडनंच घातलीये की प्रत्येक वस्तूवर करणाऱ्याचं नाव आणि किंमत लिहिलेली पाहिजे. ज्यांना सहीला यायचंय त्यांनी कळवा, कन्नडमधला मसुदा पण तयार आहे.