दमणमध्ये सापडलेलं देवघर

काल पहाटेच्या गाडीने आत्यासोबत बडोद्याहून वापी, पुढे रिक्षाने दमण. मोटी दमणच्या किल्ल्यात शिरलो आणि बाहेरचा गलका एकदम मागे राहिला. पोर्तुगीजांनी हे गाव १५५९ मध्ये घेतलं. आतलं बॉम जीझस चर्च १६०३ चं. वेदीचं लाकडी कोरीवकाम पाहून आत्या कितीतरी वेळ बोललीच नाही. मग हळूच म्हणाली, "अगं, आपल्या दांडिया बाजारातल्या वाड्याच्या देवघरालाही असंच नाजूक काम होतं." तो वाडा पाडला तेव्हा मी पाच वर्षांची. मला फक्त अंधारा जिना आठवतो. तिथेच बाकावर बसून तिने सगळं देवघर सांगितलं, अगदी समईच्या जागेसकट. समुद्र पाहायला जेमतेम अर्धा तास उरला. परतीच्या गाडीत तिने तिकिटामागे ती चौकट काढून दिली. फोटो टाकतेय.