सम आकड्यांचा खोडसाळपणा

रुबिकचा साधा थ्री बाय थ्री क्यूब जमला की वाटतं, मोठे क्यूब म्हणजे तेच, फक्त घरं जास्त. फोर बाय फोर हातात घेतला की कळतं, याला मध्यच नाही! लहान क्यूबवर मधला तुकडा जागचा हलत नाही. तो पांढरा तर ती बाजू पांढरी, विषय संपला. इथे सेंटरचे तुकडे २४ आणि सगळेच फिरते. पांढऱ्यासमोर पिवळा, निळ्यासमोर हिरवा, लालसमोर केशरी, हे आपणच डोक्यात धरायचं.

रीत ठरलेली आहे. आधी सेंटर, मग कडांच्या २४ तुकड्यांच्या १२ जोड्या, आणि जोडीला एक तुकडा समजून पुढे थ्री बाय थ्रीसारखं. जोड्या लावायला मला मनापासून आवडतं. पत्रिका बघायची नसते, रंग जुळले की झालं.

सगळं आवरत येतं आणि वर एकच कड उलटी निघते. लहान क्यूबवर हे शक्यच नाही; दिसलं तर कुणीतरी तुकडा उपसून उलटा बसवलाय असं खुशाल समजावं. इथे मात्र निम्म्या वेळा होतं, आणि या सम-विषमच्या घोळाला पॅरिटी म्हणतात. "मामा, पॅरिटी आली!" भाच्याच्या आवाजात सहानुभूती कमी, आनंद जास्त. आतला थर पाव फेरा फिरला की कडांचे चार तुकडे जागा बदलतात. असे फेरे एकूण सम झाले की विषम, याची खूण ना सेंटरवर राहते ना कोपऱ्यांवर. हिशेब शेवटी उघडतो. त्यावरचा लांबलचक अल्गोरिदम, म्हणजे फेऱ्यांचा ठरलेला क्रम, बोटांना पाठ होतो, डोक्याला नाही. मध्येच कुणी हाक मारली की गेला.

फाइव्ह बाय फाइव्ह त्यामानाने सज्जन. बाहेरून तुकडे ९८, पण मध्य पुन्हा जागेवर. पॅरिटी तिथेही येते, पण कडा जोडतानाच तोंड दाखवते. सेव्हन बाय सेव्हन तर बनवणंच अवघड. थर सारख्या मापाचे ठेवले, तर वरचा थर ४५ अंश वळताच कोपऱ्याचा तुकडा अख्खा बाहेर लटकतो, त्याला धरायला खाली काही उरत नाही. म्हणून बाहेरचे थर जाड करतात किंवा बाजू फुगीर. ग्रीसच्या पानायोटिस व्हर्डेस यांनी हे जमवलं आणि २००८ मध्ये तो बाजारात आणला.

भाच्याला आता सिक्स बाय सिक्स हवाय. मी सेव्हनवर अडून बसलोय, महाग पडला तरी चालेल.