आमची वाटचाल: पाकळ्या नसलेल्या गुलाबासोबत
कर्वेनगरच्या आमच्या गच्चीवर हिरवा गुलाब आला तो एका काडीच्या रूपात. आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, त्यांच्या भिशीतल्या मैत्रिणीने ती ओल्या फडक्यात गुंडाळून दिली होती. काडी जगली, कळी धरली, आणि आम्ही रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन ती उमलायची वाट बघू लागलो. आठवडा गेला. शेवटी आईंनी फूल दोन बोटांत धरून नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "अगं, हे उमललंय. याला पाकळ्याच नाहीत."

त्यांनी बरोबर ओळखलं होतं. हा चिनी गुलाबाचा प्रकार, नाव विरिडिफ्लोरा. इंग्लंडमध्ये तो १८५६ साली विक्रीला आला. एरवी गुलाबाच्या कळीला बाहेरून पाच हिरवी निदलं झाकतात. इथे तशीच निदलं थरावर थर येतात. पाकळ्यांच्या जागी तीच, पुंकेसरांच्या जागीही तीच. कडा दातेरी, मध्ये गच्च गुंता. ताजं फूल पोपटी-हिरवं, मग उन्हाने त्यावर तांबूस-तपकिरी छटा चढते. पाकळ्याच नाहीत, तर गळणार काय? फूल कितीतरी दिवस झाडावर तसंच राहतं.

शेजारच्या काकूंनी रोप मागितलं, मग त्यांच्या बहिणीने, आणि नर्सरी काढायचं आईंनीच मनावर घेतलं. पहिल्या खेपेला जुलैत चाळीस काड्या लावल्या. वर पावसाची झड, खाली बागेतली चिकट माती. पंधरा दिवसांत काड्या बुडापासून काळ्या पडल्या. दोन जगल्या. आता आम्ही दिवाळीनंतरच लावतो: पेन्सिलीएवढी जाड, वीतभर काडी, तीन-चार डोळे (जिथून फुटवा येतो त्या गाठी), खालच्या डोळ्याच्या लगेच खाली तिरपा छेद, कोकोपीट आणि वाळू. खुंटावर, म्हणजे दुसऱ्या गुलाबाच्या मुळं धरलेल्या बुंध्यावर, याचा डोळा भरून रोपं लवकर तयार होतात हे मान्य, पण खुंटाचे फुटवे वेळीच काढले नाहीत तर तेच झाड बळकावतात. हा गुलाब स्वतःच्या मुळांवर उत्तम वाढतो, मग ती जोखीम गिऱ्हाइकाच्या गळ्यात का घालायची?

ऑक्टोबरात पुण्यात गुलाबांची छाटणी होते. यालाही आम्ही इतरांसारखाच गुडघ्याखाली छाटला आणि झाड तीन महिने रुसून बसलं. तेव्हापासून फक्त वाळकी काडी आणि जुनी फुलं काढतो.

सगळ्यात मोठा धडा मात्र एका गृहस्थांनी दिला. "ताई, याला रोग लागलाय, फूल उघडतच नाही," म्हणत ते रोप परत घेऊन आले. चूक आमची होती. विकताना आम्ही नीट सांगितलंच नव्हतं. पैसे परत केले. त्या रात्री आईंनी चिठ्ठ्या लिहायला घेतल्या: 'या गुलाबाला पाकळ्या येत नाहीत. हेच त्याचं फूल.' आजही प्रत्येक कुंडीला ती चिठ्ठी असते. ती वाचून काहीजण रोप परत ठेवतात. ठेवू देत. जे नेतात, ते वर्षभराने फोटो पाठवतात.

हिरव्या गुलाबाचं बी मागणाऱ्यांनाही आम्ही स्पष्ट सांगतो. या फुलात ना पराग तयार होतो, ना बी धरतं. दीडशेहून अधिक वर्षं हा गुलाब माणसांनी एकमेकांना काड्या देऊनच टिकवला आहे. पाकिटात याचं बी म्हणून काहीही मिळालं, तरी ते याचं नाही. आणि पांढऱ्या गुलाबाला रंगाचं पाणी पाजून केलेला हिरवा गुलाब ही वेगळीच गोष्ट.

आता पुष्परचना करणाऱ्या दोन-तीन जणी आमच्याकडून नियमित फुलं नेतात, कारण ती फुलदाणीत खूप टिकतात. यंदा दीडशे काड्या लावल्या आहेत. कालच पहिली लालसर पालवी दिसली. रोप हवं असेल तर सकाळी या. आई तेव्हा गच्चीवरच असतात. त्या आधी एक फूल तुमच्या बोटांत चुरायला लावतील आणि विचारतील, "मिऱ्याचा वास येतोय का?"