नऊ कळ्या, त्यांपैकी सात गळाल्या : फॅलेनॉप्सिस ऑर्किडची एप्रिलमधील नोंद

मागच्या नोंदीत फुलांच्या ज्या दांड्याचे मी तोंडभरून कौतुक केले होते, त्यावरच्या नऊपैकी सात कळ्या गेल्या पाच दिवसांत पिवळ्या पडून गळाल्या. डिसेंबरात पुण्याच्या थंडीने खिडकीशी पारा १७ अंशांवर उतरला, तेव्हा फुटलेला हा दांडा.

पहिला संशय अर्थातच मुळांवर गेला. परंतु पारदर्शक कुंडीतली मुळे पाणी दिल्यावर हिरवी आणि वाळल्यावर रुपेरी होत होती, पानेही टणक होती. (कुंडीत मातीऐवजी भरलेले नारळाच्या सोडणांचे तुकडे तीनदा भिजवून धुतल्याचे हे फळ, पिशवीवर ‘धुतलेले’ असे छापूनही पहिल्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, ११०० निघाला होता.) १९:१९:१९ या खताची मात्रा बदललेली नव्हती, मिलीबग (पिठ्या ढेकूण) नव्हता, आणि कोरड्या हवेला दोष द्यावा तर अधिक कोरड्या असलेल्या आतल्या खोलीतील दुसऱ्या रोपाची एकही कळी पडलेली नव्हती.

पाचव्या दिवशी बाहेरून आल्यावर दारातच घमघमाट आला आणि उलगडा झाला : कुंडीपासून हातभर अंतरावर, टेबलाखाली आईने दोन डझन हापूसची अढी घातली होती. पिकणारे फळ इथिलीन वायू सोडते आणि फॅलेनॉप्सिसच्या कळ्यांना तो मुळीच सोसत नाही, हे ठाऊक असल्यामुळे मी केळी कटाक्षाने दूर ठेवत होतो. आंबे मात्र आले तेव्हा हिरवेगार होते, म्हणून त्यांच्याकडे लक्षच गेले नाही. त्यातून झळा लागू नयेत म्हणून दुपारभर खिडक्या बंद ठेवणाराही मीच.

दांडा तिसऱ्या गाठीवर छाटून बगलेतून नवी फांदी काढण्याचे ठरवले होते. परंतु ही नोंद लिहिताना भिंगातून पाहिले, तर शेंडा हिरवा असून त्यावर मोहरीएवढा नवा फुगवटा दिसतो आहे. त्यामुळे कात्री परत ठेवली. उरलेल्या दोनपैकी एक कळी आज सकाळी अर्धी उमलली असून तिचा ओठ (मधली वेगळ्या घडणीची पाकळी) अपेक्षेपेक्षा गडद आहे.

उंदरांच्या भीतीने आई अढी गॅलरीत ठेवू देत नाही, तेव्हा रोपच आतल्या खोलीत हलवणे आले. प्रकाशाची दिशा बदलली तरी कळ्या रुसतात, म्हणून कुंडीच्या खिडकीकडील अंगाला पेनाने खूण केली आहे. पुढची पेटी शनिवारी येणार आहे.