शेवटच्या फ्रॉस्टभोवती भाज्यांची पेरणी: घरात कधी, बाहेर कधी (माझा अनुभव)

शेवटच्या फ्रॉस्टची (हिवाळा सरताना दव गोठवणाऱ्या शेवटच्या रात्रीची) छापील तारीख ही बहुतेक वेळा सरासरी असते. म्हणजे साधारण निम्म्या वर्षांत त्या तारखेनंतरही एखाद्या रात्री दव गोठतंच. तारखा देणाऱ्या तक्त्यांत पुष्कळदा ५०, ३० आणि १० टक्के शक्यतेच्या तारखा वेगवेगळ्या दिलेल्या असतात. कोबी-कांद्यासाठी ५० टक्क्यांची तारीख चालते. टोमॅटो, मिरची, काकडीसाठी मी १० टक्क्यांची धरते. ती साधारण दोन आठवडे पुढे पडते.

घरातल्या पेरणीचा सगळा गोंधळ मोजणी कुठून करायची यात असतो. पाकिटावर लिहिलेलं असतं, ‘शेवटच्या फ्रॉस्टच्या ६ ते ८ आठवडे आधी पेरा’. आपण ८ आठवडे धरतो, वर ‘थोडं लवकर बरं’ म्हणून आणखी एक जोडतो. पण टोमॅटो काही फ्रॉस्टच्या तारखेला बाहेर जात नाही, तो त्यानंतर दोन आठवड्यांनी जातो. म्हणजे रोप ११ आठवड्यांचं होतं, मुळं कुंडीत गोल फिरलेली, खालची पानं पिवळी आणि वर फुलंसुद्धा आलेली. असं रोप लावल्यावर बरेच दिवस नुसतं उभं राहतं, आणि ६ आठवड्यांचं ठेंगणं रोप त्याच्या पुढे निघून जातं. म्हणून मी आधी लावणीची तारीख ठरवते आणि तिथून रोपाचं वय मागे मोजते.

समजा शेवटचा फ्रॉस्ट १० मे धरला. कांद्याची रोपं त्याच्या चार आठवडे आधी, १२ एप्रिलला बाहेर जाऊ शकतात. त्यांना घरात १० आठवडे लागतात, म्हणजे पेरणी १ फेब्रुवारीला. कोबी, ब्रोकोली, फ्लॉवर तीन आठवडे आधी, १९ एप्रिलला लावायचे, वय पाच आठवडे, पेरणी १५ मार्च. टोमॅटोची लावणी २४ मे, उगवणीसह सात आठवडे, पेरणी ५ एप्रिल. मिरची, ढोबळी मिरची आणि वांगी ३१ मे, मिरचीला १० आठवडे म्हणून २२ मार्च. वांग्याला आठवडाभर कमी पुरतो. काकडी आणि भोपळा २४ मे, वय फक्त तीन आठवडे, पेरणी ३ मे. वेलवर्गीयांची मुळं दुखावलेली चालत नाहीत, म्हणून प्रत्येक बी स्वतंत्र कुंडीत, आणि तिसरं खरं पान (बीजपानांनंतर येतात ती खरी पानं) आलं की फार थांबायचं नाही.

उगवणीसाठी हवेपेक्षा मातीचं तापमान महत्त्वाचं. टोमॅटोचं बी २५ अंशांना सुमारे ६ दिवसांत उगवतं, २० ला ८, १५ ला १४, आणि १० अंशांना सहा आठवडे घेतं. तोवर ते कुजतंच. मिरचीला २७ ते ३० अंश द्या. लेट्यूसचं उलट आहे, माती २७ च्या वर गेली की बी झोपून राहतं. त्याला गरम चटईवर (ट्रेखाली ठेवायच्या विजेच्या चटईवर) ठेवू नका. बाकी ट्रेसुद्धा पहिले कोंब दिसले की चटईवरून उतरवायचे आणि वरचं झाकण काढायचं. तेवढीच ऊब पुढे राहिली आणि उजेड कमी पडला, तर दोन दिवसांत रोपं किडकिडीत होऊन आडवी पडतात.

उजेडाबद्दल एकदा स्पष्टच सांगते: खिडकीतला उजेड आपल्या डोळ्यांना भरपूर वाटतो, रोपाला तो पुरत नाही. साध्या ट्यूब असतील तर पानांपासून ५ ते १० सेंटिमीटरवर, आणि रोपं वाढतील तशा वर सरकवत न्यायच्या. जास्त ताकदीचे एलईडी पॅनेल २५-३० सेंटिमीटरवर. रोज १४ ते १६ तास, टायमर लावून. रात्रभर दिवा चालू ठेवून वाढ झटपट होत नाही. टोमॅटोची पानं तर अखंड उजेडात पिवळी पडून डागाळतात.

रोपं कोलमडणं हा घरातला दुसरा मोठा त्रास. काल ताठ उभं असलेलं रोप सकाळी मातीलगत आडवं झालेलं दिसतं. जवळून पाहिलं तर खोड बरोबर मातीच्या रेषेवर दोऱ्याइतकं बारीक आणि तपकिरी झालेलं असतं, वरची पानं मात्र अजून हिरवीगार. ही पिथियम, रायझोक्टोनिया अशा बुरशींची करामत, आणि आडवं झालेलं रोप वाचत नाही. कारण जवळजवळ नेहमी एकच: ओलं मिश्रण, थंड माती, साचलेली हवा. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मुठीत दाबल्यावर जेमतेम दोन-चार थेंब यावेत, एवढीच ओल ठेवा. पाणी खालच्या ताटात घालायचं आणि अर्ध्या तासाने उरलेलं ओतून टाकायचं. छोटा पंखा रोपं हलतील न हलतील इतका चालू ठेवला की बुरशी कमी होते आणि खोडही जाड होतं. बागेतली माती ट्रेमध्ये नको. जुने ट्रे ब्लीचच्या पातळ पाण्यात (१ भाग ब्लीच, ९ भाग पाणी) दहा मिनिटं बुडवून धुवा.

दोन खरी पानं आली की रोप मोठ्या कुंडीत हलवायचं. उचलताना पान धरायचं, खोड नाही. पान फाटलं तर नवं येतं, खोड चेपलं तर रोप गेलं. खत इथूनच सुरू, पाकिटावरच्या मात्रेच्या निम्मं.

बाहेर थेट पेरायच्या पिकांसाठी मी कॅलेंडर बाजूला ठेवते. मातीचा थर्मामीटर ५ ते ७ सेंटिमीटर खोल खुपसून सकाळी आठच्या सुमाराला वाचायचा. दुपारचा आकडा फसवा असतो, वरचा थर उन्हात तापलेला असतो. सलग चार-पाच सकाळी हवा तो आकडा मिळाला की पेरायचं. पालक, मुळा, मटार ५ ते ७ अंशांवर चालतात. पण ‘चालतात’ म्हणजे काय ते बघा: मटार ५ अंशांना सुमारे ३६ दिवस घेतो आणि १० अंशांना दोन आठवड्यांच्या आत उगवतो. त्यामुळे फार घाई करून हाती फारसं काही लागत नाही, नुसते उंदीर आणि पक्षी बी उकरतात. गाजर, बीट, बटाटा ७ ते १० अंशांना.

फरसबीला मात्र १५-१६ अंश हवेतच. तिचं कोरडं बी मातीत पडल्यावर पहिल्या काही तासांत भराभर पाणी शोषतं. ते पाणी थंड असेल तर आतल्या पेशींची आवरणं फुटतात आणि नंतर ऊन पडूनही उपयोग नसतो. आठवड्याने उकरलं तर साल बोटाने निसटते आणि आत बुळबुळीत डाळिंबी निघते. पेरलेल्या दिवशी माती उबदार आणि पुढचे दोन दिवस पावसाचे नाहीत, एवढं पाहिलं तरी नांग्या भरायची (न उगवलेल्या जागी परत पेरायची) वेळ फारशी येत नाही. मक्याला साधारण तेवढंच तापमान, भेंडीला १८ ते २०.

तापमान जमलं तरी वाफसा, म्हणजे मातीत बेताचीच ओल, हवा. मूठभर माती दाबून गोळा करा आणि अंगठ्याने ढकला. भुगा झाला तर पेरा. चिकटून राहिला तर त्या वाफ्यात पायसुद्धा ठेवू नका, दबलेली माती सगळा हंगाम तशीच घट्ट राहते.

रोपं बाहेर न्यायच्या आधी ७ ते १० दिवस त्यांना सवय लावायची. पहिल्या दिवशी सावलीत, वाऱ्याच्या आड, तास-दोन तास. मग रोज वेळ वाढवायची, तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळचं कोवळं ऊन, शेवटच्या दोन रात्री बाहेर. पाणी थोडं कमी करा, पण पान सुकू देऊ नका. घरात वाढलेल्या पानावरचा मेणाचा थर पातळ असतो. एकदम उन्हात ठेवलं तर पानावर कागदासारखे पांढरे चट्टे येतात. ती पानं परत हिरवी होत नाहीत, रोप मात्र नव्या पानांवर सावरतं. ऊन सगळ्यांच्या लक्षात असतं, वारा नसतो, आणि माझ्या मते नुकसान वाराच जास्त करतो.

टोमॅटो-मिरचीला रात्री १० अंशांच्या खाली नको. फ्रॉस्ट नसला तरी त्या थंडीत वाढ थांबते आणि टोमॅटोची पहिली फळं वेडीवाकडी होतात. कोबीवर्गाचा आणि कांद्याचा धोका निराळा. पेन्सिलीपेक्षा जाड खोडाची कोबीची किंवा कांद्याची रोपं काही आठवडे १० अंशांखाली राहिली, तर त्यांना हिवाळा होऊन गेल्यासारखं वाटतं आणि डेंगळे (फुलांचे दांडे) येतात. फ्लॉवरचं रोप ट्रेमध्ये उपाशी किंवा जुनं झालं की बटणाएवढा गड्डा धरून बसतं. लहान, जोमदार रोप लवकर लावलेलं चालतं. मोठं रोप नाही.

शेवटी फ्रॉस्टची रात्र. हवामानाच्या अंदाजातला आकडा जमिनीपासून दीड-दोन मीटर उंचीवरचा असतो. निरभ्र आभाळ, पडलेला वारा आणि कोरडी हवा असेल तर जमिनीलगत २ ते ४ अंश कमी भरतात. म्हणून अंदाज ४ अंशांचा असला तरी अशा रात्री झाकते. ढगाळ किंवा वाऱ्याची रात्र असेल तर त्याच आकड्याला सोडून देते. सखल कोपऱ्यात थंड हवा उतरून साचते, तिथे कोवळी पिकं सगळ्यात शेवटी लावायची. १७ जीएसएमचं (चौरस मीटरला १७ ग्रॅम वजनाचं) पातळ क्रॉप कव्हर, म्हणजे पिकावर पसरायचं कापड, अंश-दोन अंश सांभाळतं, ५० चं तीन-चार. झाकायचं सूर्यास्ताआधी, कारण मातीची दिवसभराची ऊब धरून ठेवायची असते. कडा जमिनीपर्यंत आणून दगडांनी दाबायच्या. माती कोरडी असेल तर दुपारी पाणी द्या, ओली माती जास्त ऊब साठवते. प्लॅस्टिक पानांना टेकलं तर तेवढीच पानं जळतात, तेव्हा खाली कमानी हव्यात. सकाळी तापमान वर चढलं की झाकण काढायचं, प्लॅस्टिक तर लगेचच. काकडी-भोपळ्याला मादी फुलं दिसू लागली की दिवसा कापड नकोच, मधमाश्या आत शिरल्या नाहीत तर फळ बोटाएवढं होऊन पिवळं पडतं.